इंग्रज म्हणाला, खाली

कोचकोर,
मंगळवार, १२ जून

प्रिय रिस्केल्दी,

कागद बघून हसू नकोस. इथल्या दुकानात पत्राचा कागद मिळाला नाही, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीच्या नातीच्या गणिताच्या वहीतली मधली पानं मागून घेतली आहेत. तिने मोजून आठ दिली आणि वर बजावलं, "आजोबा, चुकलं तर खोडून लिहा, नवीन पान मागू नका." काल तुला दोनदा फोन केला. पहिल्या वेळी "व्याही, गुरुवारचं सोडून काय ते बोला" असं म्हणून तू ठेवलास. दुसऱ्या वेळी यंदा घोडीच्या दुधाला चव कशी नाही यावर दहा मिनिटं बोललास, आणि मला मध्ये घुसायला फट सापडेना. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. बहिणीचा जावई उद्या सकाळी गाडी घेऊन शहराकडे निघतोय, तो दुपारपर्यंत तुझ्या हातात देईल. म्हणजे चौकशी समितीपुढे जाण्याआधी तुला विचार करायला थोडा वेळ राहील.

गुरुवारी दहा वाजता तुझं विमान उडवायचं लायसन तुझ्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, ते ठरणार आहे. तू चोपन्नचा आहेस. तब्येत बैलासारखी. कॅप्टनच्या खुर्चीत अजून कित्येक वर्षं सहज बसला असतास. आणि मैत्रीला जागून सांगतो, जमिनीवर तुला काहीही येत नाही. कुंपणाला खिळा ठोकताना तू दोन बोटं सुजवून घेतलीस ते मी पाहिलंय, आणि बटाटे लावायला गेलास तेव्हा ते उलटे लावलेस असं विहीणबाई अजून सांगतात. त्यामुळे गुरुवारी काय पणाला लागलंय ते मला कुणी समजावून सांगायला नको. उडणं काढून घेतलं तर तुझ्याकडे काय उरतं, हे तुझ्याखालोखाल मलाच माहीत आहे.

उड्डाणशाळेत आपण एकाच खोलीत होतो. दुसऱ्या वर्षी माझा डावा कान तपासणीत नापास झाला आणि डॉक्टरने मला विमानातून उतरवून रडारच्या पडद्यापुढे बसवलं. तू तेव्हा तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, जसा काही कान मी मुद्दाम बिघडवून घेतला होता. चौथ्या दिवशी येऊन म्हणालास, "ठीक आहे, मी वरून उडवतो, तू खालून उडव." तेच पुढे तीस वर्षं चाललं. वोरोनिन मास्तर आठवतात? छडीने टेबल बडवत विचारायचे, "काचेतून काय दिसतं?" आपण म्हणायचो, आकाश. "मूर्खांनो, तुम्हाला ढग दिसतो! आकाश त्याला दिसतं, जो खाली बसलाय. त्याने वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. वाद घालायचा असेल तर आधी उतरा, मग घाला." त्या काळी ते बरोबरच होतं, कारण समोरून दुसरं विमान येतंय हे विमानाला कळावं अशी सोयच नव्हती. ती शिकवण तुझ्या हाडात मुरली. माझ्याही मुरली, फक्त मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो आणि त्या बाजूने ती जरा गोडच लागते. तीस वर्षं आकाशातली माणसं माझं ऐकत आली आहेत. घरी मात्र अजून कुणी ऐकत नाही.

मग ते यंत्र आलं. दोन विमानं एकमेकांच्या अंगावर यायला लागली, की दोघांची यंत्रं आपापसात ठरवतात, याने वर जायचं, त्याने खाली, आणि आपापल्या वैमानिकाला ओरडून सांगतात. आवाज पुरुषी, इंग्रजीत, जरा चिडका. तुम्ही सगळ्यांनी त्याचं नाव 'इंग्रज' ठेवलंत. नियम इतका सोपा आहे की वही देणाऱ्या या पोरीलाही पाठ होईल. इंग्रज बोलला की तो सांगेल ते करायचं, जमिनीला एका वाक्यात तसं कळवायचं, आणि ते वाक्य कानावर पडल्या क्षणापासून जमिनीने तोंड मिटून बसायचं. दर वर्षी या नियमाखाली तूही सही करतोस आणि मीही करतो. एका वर्षी सही करता करता तू म्हणालास, "या इंग्रजाला डोक्यावर घेतलंत तर उद्या सूनही तोच पसंत करून देईल." सगळे हसले. मीही हसलो, आणि ते मला आता जरा टोचतं.

आपल्या दोघांचं त्यात आणखी एक वेगळं होतं. आठवड्यातून तीनदा तू चीनमधल्या उरुमचीहून यायचास आणि सरहद्द ओलांडली की माझ्या पडद्यावर उगवायचास. विमानाचा नंबर, उंची, शुभ दिवस, यापलीकडे रेडिओवर एक शब्द बोलायची परवानगी नाही, आणि आपण कधी बोललोही नाही. पण माझ्या नुसत्या "ऐकू येतंय" वरून तुला कळायचं की मला सर्दी झालीय, की घरी भांडण झालंय. उतरल्यावर फोन करून म्हणायचास, "आज कुणाशी वाजलं? आवाज कुत्र्याने ओढलेल्या चपलेसारखा येत होता." मलाही तुझ्या आवाजावरून तुझ्या विमानात जागा रिकाम्या आहेत की भरलेल्या ते सांगता यायचं. इतर नियंत्रक याची चेष्टा करायचे, पैजा लावायचे. धोका आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

चार वर्षांपूर्वी तुझ्या उलारबेकने माझ्या जाझगूलला मागणी घातली, आणि आपण पाहुण्यांसमोर एकमेकांच्या तोंडात मेंढीची कलेजी आणि शेपटीची चरबी कोंबली. झालो व्याही. तेव्हापासून चारचौघांत "व्याही, बसा, व्याही, घ्या", आणि मासे धरायला गेलो की "गाढवा, गळ सोड आधी". व्याह्याची चूक बाहेरच्या माणसासमोर काढायची नाही, हे आपल्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. व्याह्याच्या नावाला डाग लागला की त्याचा त्रास लेकीला होतो, तिच्या सासूच्या एका भुवईपासून सुरुवात होते. तू हे सगळं जरा जास्तच पाळतोस. बाजारात माझ्या हातून कलिंगड पडून फुटलं, तर तू कलिंगडवाल्यालाच झापलंस की इतकं गुळगुळीत का ठेवलंस.

आता तेवीस मेची दुपार. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. कारण तू समितीला जे लिहून दिलंयस ते वाचल्यावर मला शंका आली, की घडलेलं आणि लिहिलेलं यातला फरक आता तुझा तुलाच दिसत नसेल.

चीनचं आकाश मीटरमध्ये चालतं. आपलंही चालायचं, पण दीड वर्षापूर्वी आपण वरच्या उंचीसाठी फुटांवर आलो. तेव्हापासून सरहद्दीवर उंचीची भाषाच बदलते. तरुण पोरांना त्याचं काही वाटत नाही. तुझ्या पिढीच्या निम्म्या कॅप्टनांनी मात्र घरी बसून हाताने तक्ते केले, एका बाजूला फूट, एका बाजूला मीटर, आणि खिशात ठेवले, कारण डोकं अजून मीटरमध्येच उंची जोखतं. तुझा तक्ता विहीणबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडेने शिवून दिला होता. त्या दुपारी मी तुला बत्तीस हजार फुटांवर उतरायला सांगितलं. तुझ्या शेजारी बसलेल्या सहवैमानिक नुरझातने बत्तीस हजार असंच परत म्हणून दाखवलं. तू तक्ता काढलास, मीटरचा आकडा बघितलास आणि एक ओळ खालचा लावलास. ती ओळ एकतीस हजारांची होती. समितीने तक्त्याचा मोठा फोटो फाइलला लावलाय, दोन्ही ओळींवर तुझ्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे आणि दोन ओळींतली रेघ पुसली गेलीय. नुरझात तेव्हा मान खाली घालून हवामानाचा कागद वाचत होती, तिने आकडा तपासला नाही, हे तिने स्वतःहून लिहून दिलंय. एका ओळीचा फरक म्हणजे तीनशे मीटर. आणि नेमकं तीनशे मीटर खालून, समोरून, एक परदेशी मालवाहू विमान येत होतं.

तुझा आकडा बत्तीस हजारांच्या खाली सरकलेला मला दिसला तेव्हा माझ्या हातात चहाचा पेला होता. आमच्या पडद्यावरचे आकडे दर दहा-बारा सेकंदांनी बदलतात, तू तर दगड पडावा तसा खाली येत होतास. मला तू त्या मालवाहू विमानाच्या वर दिसलास, म्हणून मी ओरडलो, वर, ताबडतोब वर. मी बघत होतो ती तुझी शिळी जागा होती. तेवढ्या वेळात दोन्ही यंत्रांनी वेग धरून हिशेब केला होता, की तू आता त्याच्या खालूनच निघून जाणार. तुझा इंग्रज म्हणाला, खाली. त्याचा इंग्रज त्याला म्हणाला, वर. दोघांनी ऐकलं असतं, तर तुम्ही एकमेकांपासून लांब गेला असतात आणि आपण त्या रविवारी माशांवर गेलो असतो. तू दांडा वर खेचलास. म्हणजे आता दोघंही वर. भर दुपार होती, हवा स्वच्छ होती, म्हणून त्या कॅप्टनला तू काचेतून दिसलास आणि त्याने विमान कुशीवर टाकलं. सत्तर मीटर. तुझ्याकडे एकशे अठरा प्रवासी होते. चहाची गाडी ढकलणारी आयझात छतावर आपटली आणि तिचा खांदा मोडला. बाकीच्यांच्या अंगावर नुसता चहा सांडला. पुढचा अर्धा तास मी इतर विमानं सांभाळली, आवाज न कापता. मग संडासात जाऊन कडी लावून बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तू लिहून दिलंस, की यंत्राचा आवाज स्पष्ट आला नाही, नियंत्रकाची सूचना वेळेवर आणि योग्य होती, आणि अशी वेळ पुन्हा आली तरी मी जमिनीचंच ऐकेन. शेवटच्या वाक्याखाली तू रेघसुद्धा मारलीस. हे का लिहिलंस ते न कळायला मी दुधखुळा नाही. तुला वाटलं, इंग्रजाने खाली म्हटलं हे कबूल केलं की वर म्हणणारा व्याही लटकला. अरे, तसं नसतं. यंत्र बोललंय हे मला कुणी कळवलंच नव्हतं, त्यामुळे नियमाने मी मोकळा आहे, आणि पहिल्याच आठवड्यात तसं पत्रही माझ्या हातात पडलं. ते मी तुला फोनवर वाचून दाखवलं, तर तू म्हणालास, "आज मोकळं सोडतात, उद्या पकडतात, मी यांना ओळखतो." तू ज्याला वाचवायला उडी मारलीस तो बुडतच नव्हता. पण एकदा उडी मारली की तुला परत फिरायला लाज वाटते, हा तुझा स्वभाव शाळेपासूनचा.

नुरझातने जे झालं ते लिहिलं. सत्तावीस वर्षांची पोर. तू तिला उपाहारगृहात सगळ्यांसमोर म्हणालास, "कालपरवा अंड्यातून बाहेर आलीस आणि मला पंख शिकवतेस?" ती ताट हातात धरून उभी होती. म्हणाली, "पंख तुमचेच, काका. मी कानांचं बोलतेय." तेव्हापासून तिच्या टेबलावर कुणी बसत नाही. थोरांचा मान न ठेवणारी पोरगी, असं तिचं नाव झालंय. मागच्या मंगळवारी मी माझं ताट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. तुझ्यापर्यंत ही बातमी पोचली असणार आणि तुला राग आला असणार. राग येऊ दे.

गेल्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. "व्याही, समितीने सोमवारी तुम्हाला बोलावलंय ना? मग एक शब्द टाका. तुमचं ऐकतील ते. हे असेच घरात बसले तर मीच पळून जाईन. परवापासून तीन वेळा माझ्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्यात, मला मीठ सापडत नाही." बोलता बोलता हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. जाझगूलने काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, "बाबा, सोमवारी तुम्ही जाणार ना?" मी हो म्हणालो, आणि त्या हो मध्ये सगळंच आलं हे तिलाही कळलं आणि मलाही. मी तिला फसवत नव्हतो. सोमवारी निळा सूट घालून गेलो तो तुझ्यासाठी शब्द टाकायलाच गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. तीस वर्षं, एकाही प्रवाशाला ओरखडा नाही. एक इंजिन बंद पडलेलं विमान बर्फाच्या वादळात उतरवलं. तक्त्यातली चूक कुणाकडूनही झाली असती. वाक्यं चांगली होती, मला अजून पाठ आहेत.

समितीत चौघं होते. अध्यक्षा क्लारा सिदिकोव्हना, जाड भिंगांचा चष्मा, समोर बिस्किटांची बशी, त्यातलं एकही कुणी उचललेलं नाही. तिने माझी सगळी वाक्यं शांतपणे ऐकली, दोन लिहूनही घेतली. मग म्हणाली, "तोलोगोन, आता तुम्ही जरा हे ऐका," आणि तुमच्या कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज स्पष्ट आला नाही म्हणतोस? इतका स्पष्ट होता की दाराबाहेर बसलेला शिपाई आत डोकावला. खाली, खाली. मग नुरझात, "काका, खाली सांगतोय, खाली!" मग खट् असा आवाज येतो, तिने जमिनीला कळवायला बटण दाबलं असणार, आणि त्याच्या मागोमाग तू तिचा हात झटकल्याचा आवाज. मग माझा आवाज, वर, ताबडतोब वर. आणि मग तुझा. "त्या इंग्रजाला काय कळतंय? तोलोगोन सांगतोय ना, वर!"

चौघंही माझ्याकडे बघायला लागले. रिस्केल्दी, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. अभिमानच वाटला. एवढा विश्वास माझ्यावर आयुष्यात कुणी टाकला नाही, बायकोनेही नाही. आणि दुसऱ्या क्षणी तेच वाक्य वेगळं ऐकू आलं. इतके दिवस मी समजत होतो की तू वोरोनिन मास्तरांचं ऐकलंस, जुन्या वळणावर गेलास, आणि जुनं वळण मोडता येतं. पण तू जमिनीचं ऐकलं नव्हतंस. तू माझं ऐकलंस. त्या दुपारी माझ्या खुर्चीत दुसरं कुणी असतं, तर तू कदाचित इंग्रजाचं ऐकलं असतंस आणि आयझातचा खांदा शाबूत राहिला असता. एकशे अठरा माणसं माझ्या आवाजाच्या ओळखीवर तू पणाला लावलीस, आणि तेव्हा मी चुकत होतो. पुन्हा लावू का, असं क्लारा सिदिकोव्हनाने विचारलं. मी नको म्हणालो.

मग तिने चष्मा काढला आणि विचारलं, "हा माणूस उद्या पुन्हा तुमच्या पडद्यावर आला आणि तुम्ही चुकलात, तर तो तुमचं ऐकणार नाही अशी तुम्हाला खात्री आहे?" मला विहीणबाई आठवल्या, जाझगूल आठवली. समोरची बशी मी बाजूला सारली. मग म्हणालो, नाही. तिने विचारलं, लेखी द्याल? मी दिलं. त्यात मी असंही लिहिलंय, की लायसन कायमचं काढू नका, त्याला पुन्हा शिकायला पाठवा, नकली कॉकपिटमध्ये बसवून इंग्रजाचं ऐकायची सवय लावा, आणि तो खरं बोलला तर थंडीच्या आत परत घ्या. पण ते पुढचं झालं. गुरुवारी तुझ्यापुढे जो कागद ठेवतील, ज्याने तुझं विमान थांबणार आहे, तो नुरझातचा नाही, माझा आहे. हे तुला समितीच्या तोंडून कळायला नको म्हणून लिहितोय. फोनवर सांगायलाच काल धडपडत होतो. जाझगूलला मी शुक्रवारी स्वतः सांगेन, आणि तिने मला दारातून परत पाठवलं तर परत येईन. तुझ्यावर माझा राग नाही, मला तुझी भीती वाटते, आणि तू मला या जगात सगळ्यात जवळचा आहेस, हे दोन्ही खरं आहे. गुरुवारी ते तुला एकच प्रश्न विचारतील, पुन्हा अशी वेळ आली तर कुणाचं ऐकाल. व्याही म्हणून आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागतो. त्या चौघांसमोर, नुरझातसमोर, माझ्या नावासकट सांग, की तोलोगोनचं ऐकणार नाही.

तुझाच,
तोलोगोन